पाच डॉलरची गोधडी

१८८६ साल. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाच्या गावी कापसाचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे टांगलेल्या एका गोधडीसमोर जेनी स्मिथ ही गोरी चित्रकला-शिक्षिका येऊन थांबली आणि हलेचना. गोधडीवर माणसं होती, साप होता, शिडी होती, क्रूस होता. सगळं कापडाचे तुकडे कापून शिवलेलं. तिने शिवणारीचा शोध घेतला. ती निघाली शेतीवर पोट असलेली एक काळी बाई, हॅरिएट पॉवर्स. विकणार का, असं विचारल्यावर तिने सांगून टाकलं, कितीही पैसे दिलेत तरी नाही.

चार-पाच वर्षांत दिवस फिरले. हात आखडला. हॅरिएटने निरोप धाडला की अजून हवी असेल तर देते. मग एक दिवस ती बैलगाडीतून स्मिथबाईंच्या दारात आली. गोधडी मांडीवर, पिठाच्या स्वच्छ पिशवीत घातलेली, वरून गोणपाट गुंडाळलेलं. तिने दहा डॉलर सांगितले. स्मिथबाई पाचच देऊ शकत होत्या. हॅरिएट बाहेर जाऊन नवऱ्याशी बोलून आली. दिवस कठीण आहेत, घेऊन टाक, असं त्याचं म्हणणं पडलं. सौदा पाचाला ठरला.

पण गोधडी हातातून सोडताना तिने प्रत्येक चौकटीत कोण आहे, काय चाललंय, ते एकेक करून सांगितलं. स्मिथबाईंनी ते लिहून घेतलं. पुढेही ती आपली गोधडी बघायला त्या घरी पुन्हा पुन्हा जात राहिली. लेकीला सासरी भेटायला जावं तशी.

या हकिकतीत मला ते सांगणं सगळ्यात मोलाचं वाटतं. पोटासाठी वस्तू द्यावी लागली, पण तिचा अर्थ दुसऱ्या कुणी लावायला तिने मोकळा ठेवला नाही. काळ्या स्त्रियांची सर्जनशीलता, त्यांचं अध्यात्म आणि त्यांची ओळख हा विषय विद्यापीठांत शिकवला जातो, त्यावर जाडजाड ग्रंथ आहेत, आणि वाचायला घेतलं की हे तीन वेगळे कप्पे आहेत असं वाटू लागतं. गोधडी हातात घेतली की ते कप्पे राहत नाहीत. एकाच टाक्यात तिन्ही गोष्टी येतात. म्हणून हा अवघड विषय गोधडीवरूनच समजून घेऊ.

आधी एका शब्दाबद्दल. आपल्याकडे ‘काळी’ हा शब्द बहुतेक वेळा टोचायला वापरला जातो, लग्नाच्या बाजारात तर हमखास. इथे तो तसा नाही. गोऱ्यांनी दिलेली नावं टाकून १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी ‘ब्लॅक’ हा शब्द ताठ मानेने स्वतःसाठी निवडला. मी तो त्याच अर्थाने वापरते आहे.

आता गोधडी. अमेरिकेत तिला क्विल्ट म्हणतात. आपण जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरतो, वरून ठिगळं लावतो आणि कडेपासून धावदोरा घालत जातो. तिकडे साधारण तीन थर असतात: खाली अस्तर, मध्ये कापूस, आणि वरचा थर म्हणजे खरी करामत. हा वरचा थर दोन तऱ्हांनी होतो. एक म्हणजे तुकड्याला तुकडा जोडत नवं कापड उभं करायचं. दुसरी तऱ्हा अशी की कापडातून आकार कापायचे, माणूस, पक्षी, तारा, आणि ते मोठ्या कापडावर शिवायचे. हॅरिएटने दुसरी तऱ्हा धरली. काही शिवण हाताची, काही यंत्रावरची. तिच्या पहिल्या गोधडीत अकरा चौकटी आहेत: एदेन बागेतली हव्वा, भावाचा खून करणारा काइन, स्वप्नात शिडी पाहणारा याकोब, येशूचा बाप्तिस्मा, तीस नाण्यांसाठी गुरूला विकणारा यहूदा, शेवटचं भोजन, क्रूस.

ही बाई १८३७ साली अथेन्सच्या परिसरात गुलाम म्हणून जन्मली. गुलाम म्हणजे तिच्यावर मालकी दुसऱ्याची, तिच्या पोटी येणाऱ्या मुलांवरही. १८२९ पासून जॉर्जियात गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता. असे कायदे दक्षिणेतल्या इतर राज्यांतही होते, आणि त्यांचं कारण साधं होतं. अक्षर आलं की खोटा परवाना लिहून पळता येतं, वर्तमानपत्र वाचता येतं, आपल्यासारखे आणखी किती आहेत ते कळतं. कागद, शाई, रंग, कुंचला यांतलं काहीच नाही. दिवस मालकाच्या शेतात किंवा त्याच्या स्वयंपाकघरात जायचा.

ॲलिस वॉकर या लेखिकेने १९७४ मध्ये एका निबंधात हाच प्रश्न विचारला: आमच्या आज्या-पणज्यांमध्ये ज्या कलावंत होत्या, त्यांनी त्या कलेचं केलं काय? ती गेली कुठे? उत्तर शोधत ती आईच्या फुलबागेपाशी आली, आणि वॉशिंग्टनच्या संग्रहालयात पाहिलेल्या एका गोधडीपाशी. त्या गोधडीखाली लिहिलं होतं, शंभर वर्षांपूर्वीची अलाबामातली एक अनामिक काळी बाई. बाई अनामिक का, असं वॉकर विचारते. आपल्याला वाटतं मोठी कला म्हणजे ग्रंथ, शिल्प, चित्र. ज्यांच्या हाती यांतलं काही पडूच दिलं नाही, त्यांची प्रतिभा शोधायची तर जे त्यांच्या हाती होतं तिथे शोधावी लागते. त्यांच्या हाती चिंध्या होत्या, आणि सुई. मालकिणीची शिवणकामं करून उरलेल्या रात्रीतला थोडा वेळ. शिवाय गोधडी कुणी संशयाने बघत नाही. थंडीत मुलांना पांघरायला लागतेच.

याच माणसांच्या मुक्तीचा पडसाद आपल्याकडेही उमटला होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या लोकांना. त्या वर्षी हॅरिएट पस्तिशीत होती, आणि यादवी युद्ध संपून ती मोकळी झाली त्याला आठ वर्षं होत होती. पुण्यात बसून जोतीराव ज्या गुलामांच्या सुटकेबद्दल आदराने लिहीत होते, त्यांतली एक ही.

आता तिची दुसरी गोधडी. १८९५ ते १८९८ च्या दरम्यानची ही गोधडी आज बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. तिच्यात पंधरा चौकटी आहेत. दहा चौकटी बायबलमधल्या: ईयोब, योना आणि त्याला गिळणारा मासा, वाळवंटात साप उंच धरणारा मोशे, आणि असे. उरलेल्या पाच मात्र हॅरिएटच्या आसपासच्या जगातल्या. त्यांतल्या चार अशा. १९ मे १७८० चा दिवस, जेव्हा भर दुपारी अंधार पडला होता. १० फेब्रुवारी १८९५ चा गोठवणारा दिवस. बेट्स नावाची डुकरीण, जी जॉर्जियापासून व्हर्जिनियापर्यंत ५०० मैल पळाली असं लोक सांगत. आणि १३ नोव्हेंबर १८३३ ची तारे कोसळण्याची रात्र.

तारे कोसळले म्हणजे काय? दर नोव्हेंबरात सिंह राशीच्या दिशेकडून उल्का येताना दिसतात. त्या वर्षी त्यांचा इतका पाऊस पडला की अमेरिकेच्या पूर्व भागात लोक घराबाहेर येऊन गुडघ्यांवर बसले. जगबुडी आली असं त्यांना वाटलं. हॅरिएटने स्मिथबाईंना नाही, पण या गोधडीबरोबर सांगितलेल्या अर्थात याचं वर्णन आहे: लोक घाबरले, शेवट आला असं समजले, आणि देवाने हात आडवा घालून तारे थांबवले. लक्षात घ्या, ही रात्र तिच्या जन्माच्या चार वर्षं आधीची आहे. १७८० चा अंधार तर तिच्या आजीच्या काळातला. म्हणजे ती आठवण तिने डोळ्यांनी घेतलेली नव्हती, कानांनी घेतलेली होती. ज्या लोकांच्या जन्मतारखा मालकाच्या हिशेबवहीत गुरांच्या शेजारी लिहिल्या जात, त्यांच्यात काळ असाच मोजला जाई. तारे पडले त्या साली अमका जन्मला. मोठी थंडी पडली तेव्हा तमकी गेली.

आणि तिने ही रात्र योनाच्या माशाच्याच ओळीत शिवली. मध्ये फक्त एक चौकट. माझ्या मते तिचं सगळं अध्यात्म या मांडणीत आहे. बायबल म्हणजे फार पूर्वी, कुठल्या लांबच्या मुलखात घडून गेलेलं काही, असं ती मानत नाही. देव तेव्हा योनाशी बोलला तसा परवा जॉर्जियाच्या आभाळातही बोलला. पळून गेलेल्या डुकरिणीलाही या कथेत जागा आहे. ५०० मैल पळून जाणं म्हणजे काय, हे गुलामीत वाढलेल्या बाईला कुणी समजावून सांगायला नको. हा अर्थ तिने स्वतः सांगितलेला नाही, मी लावते आहे. पण ती चौकट बघताना तो मनातून जात नाही.

हा धर्म मालकांकडूनच आलेला होता, मग तो गुलामांना आपला कसा वाटला? हा प्रश्न आपल्याकडेही पडायला हवा. मालक गुलामांना जे प्रवचन ऐकवत त्याचा गाभा एवढाच असे की दासांनो, आपल्या धन्याची आज्ञा पाळा. १८०७ मध्ये लंडनला तर वेस्ट इंडिजमधल्या गुलामांसाठी एक वेगळं बायबल छापलं गेलं. त्यातून ‘जुना करार’ या बायबलच्या पहिल्या भागातलं बहुतेक सगळं काढून टाकलेलं होतं. मोशे आपल्या गुलाम लोकांना घेऊन मिसर देशातून बाहेर पडतो, ती गोष्टच त्यात नव्हती. छापणाऱ्यांना त्या गोष्टीचं बळ बरोबर कळलं होतं.

पण गोष्ट कापली तरी कानोकानी पोचते. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम रात्री रानात, ओढ्याकाठी चोरून जमत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पाण्याने भिजवलेल्या गोधड्या झाडांना टांगत, किंवा मोठं भांडं पालथं ठेवत. ते आवाज गिळून घेतं अशी समजूत होती. म्हातारपणी आपल्या आठवणी सांगणाऱ्या कितीतरी माजी गुलामांनी हे सांगितलं आहे. तिथे त्यांनी आपलं बायबल घडवलं: त्यात मोशे होता, सिंहाच्या गुहेतून जिवंत परतलेला दानिएल होता, सगळं गमावूनही देवाला जाब विचारणारा ईयोब होता. धर्म मालकाचाच, पण त्यातल्या गोष्टी त्यांनी आपल्या निवडल्या. गोधडी करणारी बाई दुसऱ्याच्या टाकलेल्या कापडातून हवे तेवढे तुकडे कापून घेते, तसंच.

रानातल्या या जमावात बायका गात, प्रार्थना सांगत, अंगात आल्यासारख्या नाचत. मुक्तीनंतर पक्की चर्चं उभी राहिली तेव्हा प्रवचनाचं आसन मात्र बहुतेक ठिकाणी पुरुषांनी घेतलं. अपवाद होते, तेही मुक्तीच्या आधीपासून. न्यू जर्सीत जन्मलेल्या जरिना ली यांना १८१९ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट चर्चचे बिशप रिचर्ड ॲलन यांनी प्रवचन करायला मान्यता दिली. त्याआधी त्यांनीच एकदा नकार दिला होता. पण बहुतेक बायकांना आसन मिळालं नाही. हॅरिएटची गोधडी मला तिचं प्रवचन वाटते. चौकट दाखवत, बोट ठेवत, ती गोष्ट सांगते आहे आणि समोरची बाई लिहून घेते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

इथे विषयातला सगळ्यात अवघड शब्द येतो: वुमनिझम. ॲलिस वॉकरनेच तो १९८३ मध्ये मांडला. स्त्रीवाद असताना वेगळा शब्द कशाला? कारण गोऱ्या स्त्रियांच्या चळवळीत घराबाहेर काम करण्याचा हक्क ही मोठी मागणी होती, आणि काळ्या बायका तर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या घरांत आणि शेतांत राबतच आल्या होत्या. उलट काळ्यांच्या चळवळीत बोलणारे बहुतेक पुरुष. दोन्हीकडे त्या होत्या, आणि दोन्हीकडे त्यांचं बोलणं नंतर. वॉकरने शब्द काढला तो आयांच्या तोंडचा. पोरगी वयापेक्षा धीट वागली, नको तेवढे प्रश्न विचारायला लागली, की काळ्या आया म्हणत, बाईसारखी वागतेस गं. आपल्याकडे ‘फार शहाणी झालीयेस’ म्हणतात, तसाच सूर. वॉकरने ती टोचणी उचलून मानाने अंगावर घेतली. तिच्या व्याख्येत स्त्रीवाद आहेच, पण संगीतावर, नाचावर, चंद्रावर, आत्म्यावर, आपल्या माणसांवर आणि स्वतःवर प्रेम करणंही आहे. ‘आत्मा’ हा शब्द एका राजकीय व्याख्येत बसलेला पाहून तेव्हा पुष्कळांना नवल वाटलं असेल. गोधड्या पाहिलेल्याला वाटणार नाही.

आपल्याकडेही असाच वाद झाला. दलित स्त्रिया वेगळं बोलतात का, आणि त्या वेगळ्या बोलण्याचं स्त्रीवादाने काय करायचं, यावर पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये महत्त्वाचा निबंध लिहिला. त्या मांडणीला काळ्या स्त्रीवादी विचाराशी झालेल्या संवादाचीही पार्श्वभूमी होती.

वॉकरच्या शब्दातून धर्मशास्त्राची एक नवी शाखा निघाली, आणि तिथली एक गोष्ट मला फार आवडते. काळ्या पुरुष धर्मशास्त्रज्ञांनी मोशेची कथा मध्यभागी ठेवली होती: देव गुलामांना सोडवतो. डेलोरेस विल्यम्स यांनी १९९३ मध्ये विचारलं, हागारचं काय? बायबलमधली हागार ही मिसरी दासी. मालकीण सारा हिला मूल होत नाही म्हणून मालक अब्राहामापासून हिला मूल व्हावं असं ठरतं. तिला कुणी विचारत नाही. दिवस गेल्यावर छळ सुरू होतो. ती रानात पळते. तिथे देव तिला भेटतो, आणि सांगतो, परत जा. सुटका करत नाही. पुढे मूल झाल्यावर तिला लेकरासकट वाळवंटात घालवून देतात, पाणी संपतं, मूल मरताना बघवत नाही म्हणून ती लांब जाऊन बसते. तेव्हा देव तिला विहीर दाखवतो.

विल्यम्स म्हणतात, काळ्या बायकांचा इतिहास या गोष्टीसारखा आहे. त्यांच्या देवाने दर वेळी समुद्र दुभंगून वाट करून दिली नाही. त्याने जगायची सोय दाखवली, आजच्यापुरती, लेकरापुरती. आणि हागारने त्या देवाला स्वतः नाव दिलं: मला पाहणारा देव. बायबलमध्ये देवाला असं नाव देणारी ती एक दासी आहे. हे समजल्यावर गोधडीकडे पुन्हा बघा. गोधडी कुणाची बेडी तोडत नाही. ती रात्र काढून देते. आणि ती शिवणारी आपल्याला कुणी पाहतंय, या भरवशावर रंग निवडते.

मध्येच एका गैरसमजाबद्दल सांगायला हवं, कारण इंटरनेटवर तो फार फिरतो. गोधड्यांच्या नक्षीत पळून जाण्याच्या वाटा सांकेतिक खुणांनी शिवलेल्या असत, आणि पळणारे गुलाम अंगणात वाळत घातलेल्या गोधड्या वाचून दिशा ठरवत, अशी ही कथा. १९९९ पासून ती खूप पसरली, शाळांतही शिकवली गेली. इतिहासकारांना तिला पुरावा सापडलेला नाही. पळून आलेल्यांच्या शेकडो जबान्या आणि आठवणी उपलब्ध आहेत. त्यांत अशा संकेतांचा उल्लेख मिळत नाही. कथा गोड आहे. पण गोधडीला मोठं करायला गुप्त नकाशा कशाला लागतो, हे मला कळत नाही. जे तिच्यावर उघड शिवलेलं आहे तेच अजून आपण नीट वाचलेलं नाही.

आता अलाबामा राज्यात चला. तिथे अलाबामा नदी घोड्याच्या नालासारखं वळण घेते आणि त्या वळणात एक गाव आहे, गीज बेंड. तिन्ही बाजूंनी पाणी. १८१६ मध्ये जोसेफ गी नावाच्या माणसाने तिथे कापसाचा मळा टाकला. पुढे तो मार्क पेटवेच्या हाती गेला, आणि १८४६ मध्ये त्याने नॉर्थ कॅरोलिनाहून सुमारे शंभर गुलामांना पायी चालवत तिथे आणलं. आज गावात जिकडे तिकडे आडनाव पेटवेच; मालकाचं आडनाव, त्याच्या गुलामांना चिकटलेलं.

मुक्ती आली तरी जमीन मालकाचीच राहिली. लोक कुळं म्हणून कसत, व्यापाऱ्याकडून उधारीवर बी-बियाणं आणत. १९३२ मध्ये असा एक व्यापारी वारला आणि त्याच्या विधवेची माणसं वसुलीला आली. जनावरं, नांगर, मका, जे दिसेल ते उचलून नेलं. त्या हिवाळ्यात गाव कसाबसा जगला. घरं लाकडी फळ्यांची, फटींतून वारा. भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवायची आणि अंगावर गोधड्या, एकावर एक चार-पाच. या गोधड्यांना कापड कुठलं? जुन्या डेनिमच्या पँटी, गुडघ्याशी झिजलेल्या, खिसा उसवल्यावर खाली गडद राहिलेला चौकोन, शर्टाचे शेपटे, पिठाची पोती.

१९४२ मध्ये मिझुरी पेटवे हिचा नवरा वारला. तिने त्याचे कामाचे कपडे घेतले, मुलीला मदतीला बसवलं, आणि त्यांची गोधडी शिवली. मुलीने, अर्लोंझियाने, पुढे सांगितलं की आई म्हणाली, त्याची आठवण राहावी आणि मायेने अंगावर घेऊन निजावं, म्हणून ही करते. गोधडी साधीच आहे. निळे, राखाडी, विटके पट्टे. शेतात घामाने आणि उन्हाने उडालेला रंग तसाच ठेवला आहे. मला ही गोधडी प्रार्थनेइतकीच पवित्र वाटते. आपल्याकडेही गेलेल्या आजीचं लुगडं गोधडीत घालतात. माझ्या आईनेही घातलं होतं. त्या घडीला नाकाशी धरून झोपलेलं कुणीही मिझुरीला ओळखेल.

गीज बेंडची रीत अशी की वरचा थर जिने तिने आपल्या घरी, आपल्या डोक्याने जोडायचा. तो झाला की चार-सहा जणींनी चौकटीभोवती बसून तिन्ही थर एकत्र शिवायचे. तेव्हा भजनं चालत, बॅप्टिस्ट चर्चमध्ये गातात तीच. म्हणजे मांडणी एकटीची आणि बांधणी सगळ्यांची. ठरावीक नमुने त्यांना येत होते. ‘हाउसटॉप’ म्हणजे मधल्या तुकड्याभोवती चौकोनात चौकोन वाढवत जाणं. पण कुणी मधेच पट्टी तिरकी करी, एक लाल तुकडा अनपेक्षित जागी टाकी. अशा गोधडीला त्या म्हणत, माझ्या तऱ्हेची. आडनाव मालकाचं, जमीन दुसऱ्याची, पण ही तऱ्हा माझी. ओळख या जड शब्दाचा याहून सोपा अर्थ मला सापडलेला नाही.

फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग गावात येऊन गेले. त्याआधीच, १९६२ मध्ये, गावकरी मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडच्या कॅम्डेनला जाऊ लागल्यावर नदीतली फेरीबोट बंद करण्यात आली होती. समोर दिसणाऱ्या काठावर जायला रस्त्याने तासाभराचा वळसा पडू लागला. ती फेरीबोट पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये. चव्वेचाळीस वर्षांनी! दरम्यान १९६६ मध्ये परिसरातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली, आणि मतासाठी घराबाहेर पडल्याची किंमत मोजणाऱ्या घरांत शिवणाचे पैसे येऊ लागले. १९७२ मध्ये सीअर्स या मोठ्या दुकानसाखळीसाठी कॉर्डरॉयच्या उशांची खोळं शिवायचं काम मिळालं. उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बायकांनी घरी नेले. त्या काळातल्या गोधड्यांत म्हणूनच तो पोपटी, सोनेरी, गर्द तपकिरी कॉर्डरॉय भरपूर दिसतो.

२००२ मध्ये या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. समीक्षकांनी आधुनिक चित्रकलेतल्या मोठमोठ्या नावांशी तुलना केली. २००६ मध्ये टपाल तिकिटं निघाली. कौतुक खरं होतं, पण त्यात एक तिढा होता. त्या बायकांनी आधुनिक चित्रकार पाहिलेले नव्हते, आणि त्यांना त्या फूटपट्टीची गरजही नव्हती. शिवाय कला म्हटलं की किंमत वाढते, आणि वाढलेल्या किमतीतलं किती शिवणारीच्या पदरात पडतं हा प्रश्न येतो. तो गीज बेंडमध्येही आला, काही वर्षांनी कोर्टापर्यंत गेला आणि तडजोडीने मिटला. हॅरिएटच्या पाच डॉलरांपासून तो प्रश्न चालत आलेला आहे.

आणि आता अगदी आपल्या शेजारी. सिद्दी म्हटलं की मराठी माणसाला जंजिरा आठवतो, किंवा हबशी गुलाम म्हणून येऊन अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार झालेला मलिक अंबर. दोन्ही पुरुषांच्या, तलवारीच्या कथा. पण गोव्यात पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून आफ्रिकेतून बायका-पुरुषांना गुलाम म्हणून आणलं, घरकामाला, पालख्या वाहायला. त्यांतले कितीतरी पळून घाटाच्या जंगलात गेले. त्यांचे वंशज आज उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागांत राहतात. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. घरात बोलतात ती एक तऱ्हेची कोंकणी, मराठी-कन्नडचे शब्द मिसळलेली.

त्यांच्या बायका गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. आपल्या गोधडीची सख्खी बहीणच. एका कोपऱ्यापासून सुरुवात, कडेने फिरत फिरत टाके मध्याकडे न्यायचे, आणि टाके कापडाइतकेच उठून दिसले पाहिजेत. ख्रिस्ती घरातल्या कवंदीत कधी क्रूस दिसतो, मुसलमान घरातलीत चंद्रकोर. आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर छोटे तुकडे त्रिकोणी दुमडून एकावर एक लावतात, त्याला म्हणतात फुला. वापरात त्याचा काही उपयोग नाही. ऊब वाढत नाही, शिवण घट्ट होत नाही. तरी सिद्दी बायका सांगतात, फुला नसेल तर कवंदी उघडी पडते.

जॉर्जियातल्या गोधडीचा आणि यल्लापूरच्या कवंदीचा धागा आफ्रिकेतल्या एकाच गावापर्यंत नेता येतो, असं मी म्हणणार नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या कापडकामाशी अमेरिकी गोधड्यांचं साम्य अभ्यासकांनी दाखवलं आहे, तर दुसरे अभ्यासक त्यावर घाई नको म्हणतात. कवंदीत तर आपल्या मुलखाची रीतही मिसळली आहे. पण दोन महासागरांवरून, दोन वेगळ्या मालकांनी नेलेल्या बायकांच्या लेकी-नाती चिंध्यांतून देवाची खूण आणि बिनकामाचं फूल शिवतात, हे नुसतं समोर ठेवलं तरी पुरेसं आहे.

हॅरिएटकडे परत येते. ती १९१० मध्ये वारली. शंभर वर्षं तिच्याबद्दल लिहिताना लोक सहज म्हणत, निरक्षर बाई, ऐकीव गोष्टी शिवल्या. २००९ मध्ये तिच्या १८९६ च्या पत्राची प्रत प्रकाशात आली. त्यात तिने सांगितलं आहे की मालकाच्या घरातल्या गोऱ्या मुलांकडून ती वाचायला शिकली होती, आणि आपण किमान चार गोधड्या केल्या आहेत. म्हणजे १८२९ चा तो कायदा लेकरांनी खेळता खेळता मोडला होता, आणि योना, ईयोब, हव्वा तिने स्वतः वाचलेले होते. उरलेल्या गोधड्या कुठे आहेत, ठाऊक नाही. तिची कबर २००५ मध्ये अथेन्सच्या गॉस्पेल पिलग्रिम दफनभूमीत पुन्हा सापडली.

पहिली गोधडी वॉशिंग्टनला, दुसरी बॉस्टनला. २०२१ च्या ऑक्टोबरात बॉस्टनच्या संग्रहालयाने वॉशिंग्टनहून पहिली मागवून घेतली आणि दोन्ही प्रथमच एका प्रदर्शनात लोकांसमोर मांडल्या. खाली पाटीवर नाव होतं: हॅरिएट पॉवर्स.